तिसरा नकाशा

मी कात्री बोलतेय. शिंप्याची कात्री, लांब पात्यांची, अंगठ्याच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. माझं बोलणं जरा तोडून असतं, पण वाईट वाटून घेऊ नका. जित्याची खोड.

माझा मालक कालव्याकाठच्या वस्तीतला शिंपी. त्यानं मला विकत घेतलं तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं. पुढं लग्न झालं, मुलगी झाली, आणि बायको लवकर गेली. मग दुकानात आम्ही तिघंच. तो कापायचा, मी चालायचे आणि पोरगी चिंध्यांच्या ढिगावर बसून अभ्यास करायची.

शिकून ती कॉलेजात प्राध्यापिका झाली. विषय काय, तर निवडणूक पद्धती! प्रभाग कसे आखले, मतं कशी मोजली, की कोण निवडून येतं आणि त्याचे परिणाम कुणाला भोगावे लागतात, ते सगळं. बाप गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचा, "आमची लेक निवडणुका शिकवते." गिऱ्हाईक विचारायचं, "मग उभी कधी राहणार?"

वर्गात दाखवायला ती मला मागून न्यायची. शहराचा कागदी नकाशा घेऊन माझ्याकडून वेगवेगळ्या तऱ्हांनी कापून घ्यायची. घरी येऊन म्हणायची, "बाबा, माणसं तीच, मतं तीच. नुसती रेघ हलवली की निकाल बदलतो."

"मग मतं मोजता कशाला? रेघ मारणाऱ्यालाच विचारा की!"

दोघं हसत सुटायची. काय दिवस होते ते!

तेव्हा वस्तीचा स्वतःचा प्रभाग होता. तिथून निवडून येणारी बेकरीवाली नगरपालिकेत भांडायची, आणि भांडायची ती मुख्यतः दवाखान्यासाठी. वस्तीतला तो छोटा दवाखाना बंद करायचा घाट दरवर्षी घातला जायचा, आणि ही बाई उभी राहून तो हाणून पाडायची. शिंप्याला दमा होता. धाप लागली की तो चालत तिथं जायचा, ऑक्सिजन घ्यायचा आणि परत येऊन काजं करायला बसायचा.

मग प्रभाग नव्यानं आखायचे ठरले. समितीनं तज्ज्ञ म्हणून आमच्या लेकीला बोलावलं. बापाला कोण आनंद! त्यानं स्वतः मला धार लावून दिली.

तिनं समितीपुढं तीन नकाशे कापले. पहिल्या दोन्हींत वस्ती अख्खी राहिली. तिसऱ्यात तिनं मला कालव्याकडून आत घातलं आणि वस्तीचे तीन तुकडे केले. एकेक तुकडा वरच्या मोठ्या पेठांना जोडला.

"असं मात्र कधीही करू नका," ती म्हणाली. "यांची मतं तिन्हीकडे थोडी थोडी विखुरतील आणि यांचा माणूस कुठूनच निवडून येणार नाही."

सगळे माना डोलावत होते. एका गृहस्थानं तिसरा नकाशा पुन्हा बघायला मागितला. तिला वाटलं, किती मनापासून समजून घेतायत.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. जाहीर झाला तो तिसराच नकाशा. ती कोर्टात गेली, पण प्रत्येक प्रभागात लोकसंख्या सारखी होती, सगळं नियमात चोख बसत होतं. निवडणूक झाली. एकही मत चोरीला गेलं नाही, कुणी कुणाला धमकावलं नाही. बेकरीवाली पडली. पुढच्या अर्थसंकल्पात दवाखाना बंद झाला, आणि उठून बोलायला सभागृहात वस्तीचं कुणी नव्हतं.

"शिंप्याच्या पोरीनंच दाखवून दिलं," अशी कुजबुज सुरू झाली. शिंप्याच्या कानावर आली. "आपलेच दात, आपलेच ओठ," एवढंच तो म्हणाला. लेक म्हणायची, "बाबा, माझ्याकडे राहायला चला." तो म्हणायचा, "आणि लोकांचे कोट कोण शिवेल?"

थंडीतल्या एका दुपारी त्याला धाप लागली. मी त्याच्या हातातच होते. मला टेबलावर ठेवून तो दाराची चौकट धरून उभा राहिला. समोरच्या न्हाव्यानं धावत जाऊन गाडी आणली. मोठं हॉस्पिटल शहराच्या पार त्या टोकाला. वाटेतच गेला हो माझा मालक.

लेक दुकानात आली, मला उराशी धरून बसली. "मीच शिकवलं त्यांना," हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिचं ते रडणं मला ऐकवत नव्हतं.

आता मी तिच्या कॉलेजातल्या टेबलाच्या खणात असते. अंगावर गंज चढलाय. ती अजून शिकवते, पण कागद कापत नाही.

प्रभाग पुन्हा आखणार आहेत. समितीचं बोलावणं आलंय, आणि ती जाणार नाही म्हणते. काल तो न्हावी येऊन गेला.

"तू जा," तो म्हणाला.

"काका, माझ्यामुळेच झालं ना हे सगळं!"

"म्हणून तर तू जा. माझ्या सुनेला आठवा लागलाय, पोरी. आम्हाला नुसतं ओरडता येतं. ते लोक कसं करतात, हे तुला ठाऊक आहे."

तो गेल्यावर ती खूप रडली.

सुनावणी उद्या आहे. पोरी, मला नेलं नाहीस तरी चालेल, पण तू जा. तू तिथं नसलीस, तरी तो नकाशा आता त्यांना पाठ आहे. आणि तुझ्या बापाच्या वस्तीत माणसं अजून आजारी पडतात गं.