सूचक : नियाज मिस्त्री

सभा : ~~ऑनलाइन~~
सभा : ~~प्रत्यक्ष~~
सभा : प्रत्यक्ष व ऑनलाइन

खाडाखोड माझी. सकाळी नऊला अध्यक्षांचा मेसेज आला, ऑनलाइन रद्द, सगळ्यांनी सांगलीला ऑफिसात या. जतकडची दूध केंद्रं सांभाळणारे चौघं म्हणाले, आता बस नाही. त्यांना लॅपटॉपवर घेतलं.

इतिवृत्त मी आदल्या दिवशीच लिहून ठेवते. आमच्या दूध संघात रीतच आहे. सभा नंतर होते.

विषय क्र. ४. वाईजवळच्या घाटात टँकर उलटून मयत झालेले चालक सूरज हे दारूच्या अमलाखाली होते. सूचक : नियाज मिस्त्री. अनुमोदक : आप्पासो. सर्वानुमते मंजूर.

नियाज गॅरेज बघतो. टँकरचे ब्रेक गेलेत असं त्यानंच तीनदा लिहून दिलं होतं, म्हणून सूचक तोच हवा होता. ऑनलाइन असता तर नाव मीच लिहिलं असतं, सही लागत नाही. पण काल त्याचा फोन आला. माझं नाव काढा म्हणाला.

ते मी अध्यक्षांना सांगितलं.

म्हणून सभा प्रत्यक्ष. समोर सही घेतली की मागाहून नाव काढता येत नाही.

विषय क्र. ४ वर चर्चा झाली.

"सही कर रं नियाज," अध्यक्ष धैर्यशील म्हणाले. "काळ बदलतोय. आज हिकडं सभा, उद्या फोनवर. माणसानं जरा वळाय शिकावं."

"माझी मान वळत न्हाई साहेब. लहानपणापासनं."

कुणीतरी हसलं. अध्यक्षांच्या मर्जीतल्या आप्पासोनं दाराला कडी घातली.

सविस्तर चर्चा झाली. दूध ढवळायचा स्टीलचा दांडा. आधी पाठीवर. मग गुडघ्यावर. आप्पासोनं त्याचा उजवा हात टेबलावर धरला, पेन बोटांत कोंबलं. नियाजनं पेन सोडलं. दांडा बोटांवर आला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज, दोनदा.

"आता ह्यो सही कशानं करणार?" आप्पासो म्हणाला.

अध्यक्षांनी दांडा टेकवून घाम पुसला. नियाज फरशीवर पडला होता. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग लॅपटॉपकडं.

"शिवांजली, ह्याला ऑनलाइन हजर दाखव. सहीचं कामच न्हाई."

नियम असा आहे की ऑनलाइन सूचकानं कॅमेऱ्यात तोंड दाखवून स्वतः बोलायचं. आजवर कुणी पाळला नव्हता. मीही नाही.

मी लॅपटॉप उचलला आणि त्याच्या तोंडापुढं फरशीवर ठेवला.

"नियाजभाई, नाव सांगा. काय सुचवायचंय ते बोला."

"ए," अध्यक्ष म्हणाले.

"नियाज." तो थांबला, रक्त थुंकला. "गाडीला ब्रेक न्हवतं. तीनदा लिहून दिलंय. सूरज पीत न्हवता."

आप्पासोनं लॅपटॉपला लाथ घातली. पडदा तडकला, आवाज राहिला. जतच्या केंद्रावरच्या जरिनाबींचा. चार वर्षांत सभेत त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"अनुमोदक जरिना. ल्हिव बाई. आमी चौघांनी बी हितनं समदं बघितलंय."

विषय क्र. ४ खोडला. खाली नवा लिहिला, ब्रेक नव्हते. सूचक लिहिला. अनुमोदक लिहायला घेतलं. दांडा माझ्या मनगटावर बसला तेव्हा "जरि" एवढंच झालं होतं.

"ना" डाव्या हातानं लिहिला. तिरका आहे, पण वाचता येतो.