नवऱ्याविरुद्ध अंगठा

"माझ्या नवऱ्याला धरून न्या," मिमूनत म्हणाली.

गावातला सरकारचा माणूस, मुकद्दम अह्मीदान, पुदिन्याच्या चहात साखरेचा खडा सोडत होता. हात तसाच राहिला. त्याच्या ओट्यावर येऊन लोकांनी शेजाऱ्याच्या, भावाच्या, व्याह्याच्या चुगल्या केल्या होत्या. नवऱ्याची चुगली करणारी बाई तो पहिल्यांदाच बघत होता.

"मारतो का वहिनी?"

"मारायला ताकद लागते. पोटात गोळा आलाय त्याच्या. चमचाभर सूप ठरत नाही. तुम्ही धरलंत तर कैदी म्हणून तरी दवाखान्यात न्याल."

तिचा नवरा शाइब अकरा वर्षं फरार होता. फरार म्हणजे घरातच. केतामाच्या डोंगरात सगळेच किफ, म्हणजे गांजा, पेरतात. पाटाच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी वाजलं, शेजाऱ्याने निनावी अर्ज टाकला आणि शाइबच्या नावाने वॉरंट निघालं. तेव्हापासून तो डोंगर उतरला नाही. ओळखपत्राची मुदत संपली. आई शहरात वारली, तिला माती द्यायला गेला नाही. तीन वर्षांपूर्वी राजधानीत कायदा झाला, औषधासाठी किफ पिकवा, परवाना घ्या. परवाना मिळतो शहरात, आणि शहराच्या नाक्यावर वॉरंटवाल्याला बेड्या. जन्मभर ज्यांनी हे पीक काढलं ते वरच कुजले, आणि किफचं रोप फक्त फोटोत पाहिलेल्या बाबूंनी कंपन्या काढल्या.

"वॉरंटवाल्यांना माफी येणार आहे," शाइब म्हणायचा. "रेडिओवर सांगितलं. मी माणसासारखा चालत उतरेन." मिमूनतने दोनदा त्याला गाडीत घालायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्याने दाराची चौकट सोडली नाही.

"धरता नाही येणार," मुकद्दम म्हणाला. "सध्या वरून तोंडी सांगणं आहे, किफवाल्यांच्या वस्तीत शिरायचं नाही. कायदा आलाय, सरकारची शोभा होते."

"मग वॉरंट काढून टाका."

"ते कसं काढणार? ते कागदावर आहे."

"म्हणजे धरणार नाही आणि सोडणारही नाही."

"होतंय ना हळूहळू. सरकार आहे ते, गाढव नाही टाच मारली की पळायला. घाई कसली?"

"घाई त्याच्या पोटाला आहे, अह्मीदानसाहेब. दर कापणीला पोलिसांची भीती घालून आमच्या कोंबड्या नेत होतात, तेव्हा बरे पोलीस रोज निघायचे!"

मुकद्दम पोट धरून हसला. "जीभ आहे की विळा? बरं, तक्रारीवर अंगठा करून जा. खाली विचारतो."

तिने अंगठा केला.

खाली त्याने कुणालाच विचारलं नाही. गावात मात्र सांगितलं. शुक्रवारी मशिदीतून बाहेर पडताना, जोडे घालता घालता, चारचौघांत. "आपल्या बायका सरकारच्या पुढे गेल्या रे! सरकार नको म्हणतंय आणि ही म्हणते, न्या!" लोक हसले. शाइबचा भाऊ मेझियान तिथेच होता. तो हसला नाही. सरळ शाइबकडे आला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

शाइब भिंतीला धरून उठून बसला.

"अंगठा केलास?"

"केला. तू मरतोयस म्हणून केला."

त्याने तिच्या अंगठ्याकडे बघितलं.

"शेजाऱ्याने निदान नाव लपवलं होतं," तो म्हणाला.

त्याच दुपारी मेझियानने त्याला पाठीवर घालून आपल्या घरी नेलं. दवाखान्यात नाही, दोन घरं पलीकडे. या वेळी त्याने चौकट धरली नाही.

मिमूनत रोज सूप घेऊन जायची. जाऊ दारातूनच परतवायची. "तुझ्या हातचं नको म्हणतो. वास आला तरी ओकतो."

"मग तुझ्या हातचं म्हणून दे."

"दिलं. ओळखलं त्याने."

दहाव्या दिवशी तो गेला. तिला माझं तोंड दाखवू नका, असं सांगून गेला होता, आणि भावाने ते पाळलं. दाराबाहेर उभं राहून तिने आत पाणी ओतल्याचा आवाज ऐकला. प्रेताला अंघोळ घालत होते.

पाच आठवड्यांनी माफी आली. मुकद्दमाने मशिदीच्या अंगणात यादी वाचली. एकेका नावाला बायका जिभा नाचवून आनंदाने किलकारत होत्या. "शाइब बिन हद्दू," त्याने वाचलं, आणि सवयीने किलकारी उठली. मग एकेक तोंड मिटत गेलं.

"ज्याने त्याने स्वतः येऊन सही करायची आहे," मुकद्दम खाली बघत म्हणाला. "याच्यापुढे काय लिहू, वहिनी?"

"लिहा, फरार आहे."

मुकद्दमाने पेन चावलं. मयत लिहायला मृत्यूचा दाखला लागतो, दाखल्याला चालू ओळखपत्र. त्याने फरार लिहिलं आणि पुढचं नाव वाचलं.