दंडावरची पट्टी

"अहो, दंडाची पट्टी कुठंय?" पलंगाखालची ट्रंक उपसत कुमुदनं विचारलं. "निळी टोपी आहे, पदक आहे, तिकडच्या कॉफीचा रिकामा डबासुद्धा आहे. पट्टी तेवढी नाही."

बळवंतनं पेपरातून डोकं वर काढलं नाही. "हरवली."

"कसला दंड?" आतून चेतना डोकावली. "बाबांना पनिशमेंट झाली?"

"अगं, दंड म्हणजे हाताचा वरचा भाग!"

"अच्छा, बाजू! मग बाजू म्हण ना यार."

"बाजू म्हणजे साइड," म्हणत कुमुद पुन्हा ट्रंकेत शिरली.

बळवंत केंद्रीय पोलीस दलात इन्स्पेक्टर. वर्षभर आफ्रिकेत युनोच्या शांतिसेनेत राहून आल्यावरचा हा दुसरा हिवाळा. कुमुदच्या मनातल्या खतावणीत त्या वर्षाच्या जमेला बरंच काही होतं. दिल्लीत आर. के. पुरमच्या त्यांच्या ब्लॉकमध्ये तिची 'फॉरेनवाली भाभी' झाली होती, हे त्यातलंच. खर्ची बाब एकच. गेलेला नवरा खेकसणारा होता, आलेला नुसताच सभ्य. पूर्वी आमटीत मीठ कमी पडलं की वाटी सरकवायचा, वर तिच्या माहेराचा उद्धार करायचा. आता पुढ्यात येईल ते मुकाट गिळायचा. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस. कुमुदला मात्र तो जुना, वाटी सरकवणारा परत हवा होता.

म्हणून तिथल्या मराठी मंडळाचे सचिव गुलाबराव यांचा फोन आला तेव्हा तिनंच होकार दिला. संक्रांतीला मंडळाची बस पानिपतच्या युद्धस्मारकाला, काला अंबला जायची. लढाईत पडलेल्या मराठ्यांना बळवंतरावांनी पूर्ण पोशाखात पुष्पचक्र वाहायचं होतं. "आणि ती पट्टी हवीच हं! फोटोत निळा रंग काय उठून दिसतो!" गुलाबरावांना माणसाआधी त्याचा फोटो दिसायचा. कुमुदला वाटलं, चार लोकांनी टाळ्या वाजवल्या की याची जीभ सुटेल. तिनं जुना फोटो दाखवून वर्दीच्या शिंप्याकडून गुपचूप नवी पट्टी शिवून आणली.

संक्रांतीच्या सकाळी, कस्तुरबा गांधी मार्गावर बसची वाट बघताना तिनं ती पर्समधून काढली. बळवंत पट्टीकडे बघत राहिला. मग लस टोचून घ्यायला द्यावा तसा त्यानं हात पुढे केला.

"अगदी ताईत बांधल्यासारखं वाटतंय," ती हसली.

त्यानं हात हिसडला.

"काय झालं?"

"काही नाही. चलो, बस आली."

काला अंबला धुकं होतं. गुलाबराव माइकवर म्हणाले, "या पट्टीनं किती जीव वाचवले असतील, त्याची गणतीच नाही!" टाळ्या पडल्या. हरलेल्या लढाईला टाळ्या वाजवण्यात आपला हात कोण धरणार! बळवंतनं सॅल्यूट ठोकला. गुरगावहून आलेल्या आयटीतल्या रुचिरानं त्याच्यासोबत सेल्फी घेतला. पट्टी खरंच उठून दिसली.

परतीच्या बसमध्ये कुमुदनं त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. "घ्या, आणि बोला. गोड नसलं तरी चालेल."

तिळगूळ मुठीत धरून तो खिडकीकडे बघत म्हणाला, "हरवली नव्हती ती."

"मग?"

"मोझेस म्हणून आमचा दुभाष्या होता. तिथलाच. गावात दंगल पेटली, बायको घरी अडकलेली, त्याला जायचंच होतं. मी माझी पट्टी काढून त्याच्या दंडावर बांधली. आई ताईत बांधायची ना, तशी. म्हटलं, ही असली की कोणी हात लावत नाही."

"बरोबरच केलंत की."

"आम्हाला लावत नव्हते. आम्ही पाहुणे. त्याच्या दंडावर दिसली आणि नाक्यावरच्या टोळीनं ठरवलं, हा परक्यांचा खबरी. तिथंच मारला त्याला. एरवी तो त्याच नाक्यावरून जायचा, यायचा. कोणी बघायचंही नाही."

"तुम्हाला काय ठाऊक—"

"ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पट्टी दुसऱ्याला द्यायची नाही. मला वाटलं, वस्तू हरवू नये म्हणून सांगतायत."

'तुमचा हेतू चांगला होता' हे कुमुदच्या ओठांवर आलं. ते तिनं तिळगुळाबरोबर गिळून टाकलं.

"बळवंतराव!" पुढच्या सीटवरून गुलाबराव वळले. "पुढच्या वर्षीही तुम्हीच हं. पट्टी जपून ठेवा!"

"बिल्कुल," बळवंत नम्रपणे म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं वर्दी उतरवली, घरातला स्वेटर चढवला आणि त्यावर पट्टी पुन्हा बांधली. कुमुद पुढे झाली. "द्या, काढते."

"राहू दे. मोझेसला कुठं काढता आली?"

ती स्वयंपाकघरात गेली. आमटीला फोडणी दिली, गूळ घातला, आमसूल घातलं. मिठाचा डबा हातात घेतला आणि तसाच फळीवर परत ठेवला. पानं वाढली आणि त्याच्या वाटीवर नजर ठेवून बसली.

चेतनानं पहिलाच घास घेतला. "ई, आई! मीठच नाही यात!"

बळवंतच्या कपाळावर कुठे आठी पडते का, हे कुमुद बघत होती.

बळवंतनं आमटी संपवली. मग, "आणखी थोडी वाढ," म्हणत त्यानं रिकामी वाटी पुढे केली. निळी पट्टी दिव्याखाली आली, आणि कुमुदनं डाव उचलला.