घनश्यामचं गळकं छप्पर

माझ्या हातचं छप्पर गळत नाही. सानगडीत कोणालेही विचारा. आता सारे स्लॅबवाले झाले, घनश्यामले कोण पुसते? कोणाचा गोठा शाकाराचा असला, नाही तर मंडईच्या जत्रेत नाटकाले मांडव पाहिजे असला, तेव्हाच माझी आठवण येते. पण गळत नाही म्हणजे नाही.

अन् त्या पोट्ट्यांनी मले म्हणावं, काका, छप्पर असं बांधा की आतून तारे दिसले पाहिजेत!

आठ जण होते. ज्यू लोकं, पार इस्राएलातून आलेले. शाळा संपली की एक वर्ष साऱ्यांनी मिळून परमुलखात राहाचं, लोकांच्या कामात हात लावाचा, असं ठरवून निघाले होते. पोळ्यापासून आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहून राहिले होते. दिवसा शाळेत लेकरांले शिकवत, सुटी असली की कोणाच्याही धानाच्या बांधीत उतरत. चिखलात पडले की रडाचं सोडून हासत. त्यांच्या हासण्यानं आमचं आंगण भरून जाये.

बाकीचे मोडकंतोडकं, पण त्यातली तामार चांगलं मराठी बोले. तिची आजी कोकणातली, तिथल्या ज्यू लोकांची घरची बोलीच मराठी. माझ्या बायकोशी, शकुनशी, तिचं भारी जमे. चुलीपाशी बसून दोघी तासन्‌तास गोष्टी करत.

होळीच्या सुमाराले तामारचा बाप वारला होता. आता त्यांचा मांडवाचा सण आला. सात दिवस घराबाहेर, पाल्यापाचोळ्याच्या मांडवात जेवाचं. तिच्या घरी दरसाल बापच मांडव बांधे. दिवे लावाच्या आधी बापलेक आत उताणे पडत अन् छपराच्या फटीतून पहिला तारा शोधत. हे तिनं शकुनले सांगितलं. अन् हेही सांगितलं, "मावशी, मी तिकीट काढलंय. सण झाला की घरी जाणार. आब्बा मला इथं कुठंच सापडत नाहीत."

शकुननं मले सांगितलं तवा माझ्या हातातला घास हातातच राहिला. आमच्या पोरीनं नागपुरात घर केलं, तेव्हापासून आंगणातून कोणी मले हाक मारत नव्हतं. मले ती पोट्टी जाऊ द्याची नव्हती. काय लपवाचं?

सणाच्या दिवशी पोट्टे स्वतःच मांडव बांधाले लागले. योनातान नावाच्या उंच पोट्ट्यानं बांबू रोवला, तो दारू पेल्यावानी झुकला. मी म्हटलं, "हटा रे! शाळेत जा तुम्ही. हे माझं काम होय."

तामार म्हणे, "काका, तारे दिसू द्या हं."

"हाव हाव, दिसतीन."

पण हात ऐकते काय जी? बांबू कसून बांधले, पळसाचा पाला टाकला, वरून धानाचं तणस अंथरलं. मधी फटी ठेवल्या. खाली उतरून वर पाहिलं तर माझाच जीव कासावीस झाला. हस्ताचं पाणी अजून सरलं नव्हतं. ही लेकरं भिजतीन. पक्कं घर देऊ, मंग कायले जाईन ती? फटी बुजवल्या. वरून आणखी एक थर दिला. घागर ओतली असती तरी थेंब खाली आला नसता.

सांजेले सारे धुतलेले पांढरे कपडे घालून आले. तामार आत गेली, चटईवर उताणी पडली अन् वर पाहत राहिली. किती तरी वेळ. मंग उठली, बाहेर आली.

"खूप सुंदर बांधलंय, काका," म्हणे. अन् विहिरीपाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हालत होते.

शकुन माझ्यावर अशी धावली! "अजी, तुमाले अक्कल कवा येईन? तिले छप्पर नव्हतं पाहिजे. तिले बाप पाहिजे होता!"

दिवस गावच्या तलावात बुडून राहिला होता. पोट्टे म्हणत, सण लागला, आता आम्हाले बांधाले चालत नाही, तोडाले चालत नाही. मी म्हटलं, मले कोणी अडवलं? शिडी लावली अन् चढलो.

पहिली मूठ तणस उपसून खाली टाकली. उभ्या जन्मात स्वतःचं काम उसकटलं नव्हतं. रस्त्यानं पुंडलिकराव चालला होता, त्यानं सायकल थांबवली. "का गा घनश्याम, बांधून राहिला का मोडून राहिला?"

"तुले काय कराचं हाय? जाय तुयाल्या घरी!"

खाली चटई वाजली. तामार परत येऊन पडली होती. मी पाला सारत गेलो. तणसाचा भुसा तिच्या पांढऱ्या कपड्यावर पडत होता, तिले सुध नव्हती.

बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणे, "बस्स, काका. दिसला."

मीही मान वळवून वर पाहिलं. एकच तारा होता, तलावाच्या वरती.

त्याच दिवशी आमची कोजागिरी होती. त्यांचा खाण्याचा नेम मोडू नये म्हणून शकुननं त्यांच्याच भांड्यात दूध आटवलं होतं. चंद्र वर आला, माझ्या फटीतून खाली उतरला अन् एकेकाच्या पेल्यात जाऊन बसला. आपण घरात बसलो की आभाळात, तेच उमजत नव्हतं. तामार म्हणे, या मांडवात आमच्यात पूर्वजांना पाहुणे म्हणून बोलावतात. त्यांची नावं घेतली, अन् शेवटी तिनं बापाचं नाव घेतलं. शकुननं एक पेला जास्तीचा भरून ठेवला. पंधरवड्याआधी पितृपक्षात आम्हीही आमच्या बापदाद्यांले तसंच वाढलं होतं, आम्हाले त्यात काही नवल वाटलं नाही.

मंग एक ढग आला, अन् टप्पकन थेंब पडला. कुठं? माझ्या टकलावर! माझ्याच हातच्या छपरातून!

सारे खदखदा हासले. योनातान म्हणे, पाऊस आला तर आत गेलं तरी चालते. तामार जागची हालली नाही. तिच्या केसांवर पाणी चमकत होतं.

"काका," ती म्हणे, "दिवाळीनंतर तुमची मंडई असते ना? रात्रभर नाटक असतं, मावशी सांगत होत्या. माझ्यासाठी पुढची जागा धराल?"

तिचं तिकीट तर दिवाळीच्या आधीचं होतं. मी शकुनकडे पाहिलं. ती पदरानं डोळे पुसत होती.

"धरतो," म्हटलं, अन् त्या पावसात तसाच बसून राहिलो.