ऑगीचा दगड

ओहायोत समुद्र नाही, म्हणून मी तो तळघरात आणायला घेतला. समुद्री माशांच्या काचेच्या टाकीसाठी आणलेले कोरडे दगड ब्लीचने धुऊन खाऱ्या पाण्याच्या पिंपात ठेवले. त्यांच्यात पाणी स्वच्छ ठेवणारे सूक्ष्म जीव पसरावेत म्हणून मासे पाळणाऱ्यांच्या क्लबातल्या म्हाताऱ्या ऑगीने आपल्या टाकीतला एक शेवाळलेला दगड दिला. माझ्या नवऱ्याने, डेल्बर्टने, तोही ब्लीचमध्ये घासला.

"बघ, कसा चकचकीत केलाय!"

"अरे मेल्या, सगळे जीव त्या घाणीतच होते!"

मी रडवेली होऊन ऑगीला फोन केला. तो लगेच दुसरा दगड घेऊन आला.

"ओरडू नकोस गं त्याच्यावर. माझ्या बायकोने, इल्सानेही, असाच एक धुतला होता. आठवडाभर बोललो नाही मी तिच्याशी." त्याने दगड अलगद पिंपात सोडला. "आज ती असती, तर अख्खी टाकी धुऊ दिली असती."

ऑगी गेल्यावर मी डेल्बर्टच्या ब्लीचने सोललेल्या हातांना मलम लावलं.