प्रश्न चौदावा : राज्य, अधिकारी, सत्ता

हेडमास्तरांनी हुदाकोवाबाईंना सकाळी पावणेआठला जिन्यातच गाठलं.

"शिमकोवाला पाच द्या," ते म्हणाले. पाच म्हणजे नापास. "इंग्रजीतच द्या. स्लोव्हाकमध्ये नापास केली तर चारजण शंका काढतील. इंग्रजी तुमच्याशिवाय त्या खोलीत येतं कोणाला?"

"पोरगी वर्गात पहिली आहे, हेडमास्तर."

"असेल हो. पण वरून विनंती आलीय."

वरून म्हणजे कुठून, हे विचारायला बाई काही कालच या गावात आल्या नव्हत्या. दोरोता शिमकोवाचा बाप वनपाल होता. मागच्या शरदात जिल्हा कचेरीच्या प्रमुखाने, गाश्पारिक नावाच्या माणसाने, त्याच्याकडे एक कागद धाडला : उत्तरेकडच्या उतारावरच्या सगळ्या स्प्रूसच्या झाडांना साल पोखरणारी कीड लागली आहे, सही कर. किडलेलं झाड तोडायला परवानगी लागत नाही ना, म्हणून. या बापाने, शिमकोने, एकेका झाडाची साल तपासली. कीड नव्हती. त्याने सही केली नाही. नवव्या दिवशी त्याची जागाच रद्द झाली, आणि आता तो शेजारच्या लाकूड गिरणीत फळ्या मोजतो. पोरगीही बापाच्याच वळणाची! तिला झ्वोलेनच्या विद्यापीठात जाऊन जंगलाचंच शिकायचं होतं. तिथली प्रवेश परीक्षा अठरा दिवसांवर आली होती. शाळेच्या या शेवटच्या परीक्षेत पास झाली नाही, तर झ्वोलेनचं दारसुद्धा दिसणार नव्हतं.

बाईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ही त्यांची जुनी खोड. तेवीस वर्षं त्यांनी रशियन शिकवलं. मग एक दिवस रशियन कोणालाच नको झालं आणि सरकारने सांगितलं, इंग्रजी शिका नाहीतर घरी बसा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाई पुन्हा बाकावर बसल्या. पोरांच्या पुढे एक धडा, एवढीच त्यांची आघाडी. उच्चार चुकला की ही दोरोताच मागच्या बाकावरून म्हणायची, "बाई, तसं नाही, असं," आणि सगळा वर्ग हसायचा. बाईही हसायच्या. आता पेन्शनला दोन वर्षं उरली होती.

परीक्षेच्या खोलीत टेबलावर रिवाजाप्रमाणे हिरवं कापड अंथरलं होतं. बाजूच्या टेबलावर मुलांच्या आयांनी परीक्षक मंडळासाठी केलेले पावाचे तुकडे होते, वर हॅम, उकडलेलं अंडं आणि काकडीचं लोणचं. टेबलामागे तिघं बसले : परगावच्या शाळेतून आलेले अध्यक्ष वाव्हरेक, जे भूगोल शिकवत आणि ज्यांना इंग्रजीचा गंधही नव्हता, हेडमास्तर, आणि बाई.

दोरोता पांढरा ब्लाउज घालून आत आली आणि तिच्या पाठोपाठ साक्षात गाश्पारिक.

"परीक्षा सर्वांना खुली असते ना?" तो म्हणाला, खुर्ची ओढून बसला आणि ताटलीतला एक तुकडा उचलून खाऊ लागला. मंडळाच्या आधी! अध्यक्षांनी भुवया उंचावल्या, पण नियम नियमच होता.

दोरोताने प्रश्नांच्या चिठ्ठ्यांच्या पिशवीत हात घातला. चौदा निघाला. 'राज्य, अधिकारी आणि सत्ता.' या विषयाची शब्दांची यादी बाईंनी स्वतः केली होती. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे स्लोव्हाक : मेयर, जज, मिनिस्टर, इन्स्पेक्टर, ऑर्डर, असे बत्तीस शब्द. पोरांनी ते घोकून घोकून चोथा केला होता.

पंधरा मिनिटं तयारी करून दोरोता बोलायला उभी राहिली. आधी यादी. मेयर काय करतो, जज काय करतो. सगळं सुरळीत. हेडमास्तर बाईंकडे बघून हळूच पाच बोटं टेबलावर ठेवत होते. मग पोरीने श्वास घेतला आणि त्याच शांत आवाजात, इंग्रजीतच, पुढे निघाली. आमच्या जिल्ह्यात एक अधिकारी आहे. त्याने माझ्या वडिलांना विनंती केली, की निरोगी झाडं आजारी आहेत असं लिहून द्या. वडिलांनी दिलं नाही. आता आमच्या घरात वनपालाचा गणवेश कपाटात लटकतो आणि आई त्याला रोज ब्रश करते. त्या अधिकाऱ्याचं नाव गाश्पारिक. ते इथेच बसलेत आणि माझ्या आईने केलेला पाव खातायत.

नाव तर कुठल्याही भाषेत कळतं. गाश्पारिकचा घास तोंडातच राहिला.

"काय म्हणाली ही माझ्याबद्दल?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. आणि बाईंच्या तोंडून आपसूक निघालं, "जिल्हा प्रमुख जंगलांची काळजी घेतात, असं सांगतेय."

सवय कुठे जाते? ब्याऐंशी साली कारखान्यातल्या एका कामगाराने सोव्हिएत पाहुण्यांना विचारलं होतं, "आमचं मांस जातं कुठे?" आणि दुभाषी म्हणून उभ्या असलेल्या बाईंनी रशियनमध्ये सांगितलं होतं, "तुमच्या तब्येतीची चौकशी करतोय." सगळं आयुष्य असं धार बोथट करण्यात गेलं. कोणाला लागलं नाही, म्हणून बाईंनाही कोणी दुखवलं नाही.

दोरोताचे कान लालबुंद झाले. "बाई, मी असं म्हटलं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे मी काय म्हटलं. पाच द्यायचे तर द्या, पण माझ्या तोंडी खोटं घालू नका."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अठरा वर्षांच्या पोरीने भर खोलीत सरळ केलं त्यांना, आणि बरोबर केलं.

"माफ करा, माझं भाषांतर चुकलं," बाई उभ्या राहत म्हणाल्या. "आता नीट करते."

आणि त्यांनी केलं. एकेक वाक्य. झाडं, सही, गणवेश, ब्रश. पावाचा तुकडासुद्धा सोडला नाही. दार उघडंच होतं. बाहेर थांबलेल्या पोरांचा गलबला केव्हाच थांबला होता.

"हे राजकारण आहे!" गाश्पारिक ओरडला. "ही परीक्षा आहे की सभा?"

"विषय चौदावा," बाई म्हणाल्या. "अधिकारी आणि सत्ता. मुलीने उदाहरण दिलं. उदाहरणाला गुण असतात."

अध्यक्षांनी दोरोताला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि चष्मा पुसला. गाश्पारिक मात्र खुर्चीवरून हललाच नाही. "मला इंग्रजी येत नाही, हुदाकोवाबाई. तुम्हीच सांगा. चुका किती?"

"एक."

हेडमास्तरांचा चेहरा खुलला.

"तिने म्हटलं, अधिकाऱ्याने विनंती केली. चुकीचा शब्द निवडला. जिला नाही म्हटल्यावर माणसाची नोकरी जाते, ती विनंती नसते. त्याला माझ्या यादीत हुकूम म्हणतात, शब्द एकोणिसावा. आणि तसाच हुकूम आज सकाळी पावणेआठला मलाही आलाय, की या मुलीला नापास करा. माझा गुण एक. सगळ्यात वरचा."

अध्यक्षांनी हेडमास्तरांकडे एकदा पाहिलं आणि गुणांचा तक्ता पुढे ओढला. त्यात त्यांनी पेन्सिलीने एक लिहिलं आणि खाली आपली सही केली.

"सप्टेंबरात तुम्ही या शाळेत नसाल," गाश्पारिक दातओठ खात म्हणाला.

"नसेन तर नसेन. मला घाबरवायला उशीर केलात, साहेब. वीस मिनिटांपूर्वी जमलं असतं."

हेडमास्तरांनी मात्र पेन उचललं नव्हतं. "सही दुपारी करू," ते पुटपुटले. "गुण तसेही चार वाजता वाचायचे असतात. तोवर... शांतपणे विचार करता येईल."

बाईंना एका क्षणात सगळं कळलं. चारपर्यंत गुण कोणाला सांगायचे नाहीत, हा या शाळेचा पन्नास वर्षांचा रिवाज. तोवर तक्ता हेडमास्तरांच्या कपाटात, अध्यक्ष दुसऱ्या खोलीत जेवायला, आणि पेन्सिलीचा एक पुसायला कितीसं रबर लागतं?

त्या टेबलाला वळसा घालून निघाल्या. "बाई, कुठे निघालात? रिवाज आहे..." हेडमास्तर मागे धावले. बाईंनी दार सताड उघडलं. बाहेर चोवीस पोरं, त्यांच्या आया आणि भिंतीला टेकून उभी पांढरीफटक दोरोता.

"शिमकोवा!" बाई अशा ओरडल्या, की खालच्या मजल्यावरचा शिपाईही वर बघू लागला. "इंग्रजी, एक! सगळ्यांनी ऐकलं का? एक!"