कपाळावरची खूण

चेतनाचा देवावर गाढ विश्वास होता, पण भूल देणाऱ्या डॉक्टरवर काडीचा नव्हता. म्हणून मरोळच्या एका इस्पितळात, पप्पांना हृदयाच्या ऑपरेशनला नेण्याआधी, ती तेलाची छोटी बाटली घेऊन त्यांच्या खाटेपाशी उभी होती.

पप्पा म्हणजे भीमराज. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. कुणी देवाचं नाव काढलं की उठून गॅलरीत जाणारा माणूस. लेक ख्रिस्ती प्रार्थनेच्या मंडळीत जाऊ लागली तेव्हाही ते भांडले नाहीत, नुसते उठून गॅलरीत गेले.

गेल्या रविवारी पाळकांनी यहेज्केल संदेष्ट्याचा दृष्टांत सांगितला होता. देवाचा कोप नगरावर येतो. हत्यारं घेतलेले दूत निघतात, म्हातारा बघत नाहीत की तान्हं बघत नाहीत. मात्र त्यांच्याआधी एक जण दौत घेऊन फिरलेला असतो. त्यानं ज्यांच्या कपाळावर खूण केली, तेवढे वाचतात. तेव्हापासून चेतनाला एकच प्रश्न छळत होता. पप्पांचं हृदय टेबलावरच थांबलं तर? कोऱ्या कपाळानं उभे राहणार ते न्यायासनापुढे?

पप्पांचा डोळा लागलाय असं बघून तिनं बोट तेलात बुडवलं आणि त्यांच्या कपाळाला टेकवलं.

त्यांनी खाडकन डोळे उघडले, तिचं मनगट धरलं. "टिळा लावतेस? मला?"

उभ्या जन्मात ज्यानं गंध-अंगारा कपाळाला लागू दिला नाही, त्याला हे काय वाटेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. भ्यालेल्या माणसाला कुठलं सुचतंय! तिला रडू फुटलं. "टिळा नाही हो पप्पा, खूण आहे." मग तिनं भडाभडा सगळा दृष्टांत सांगून टाकला.

पप्पांनी ऐकून घेतलं. सफाई कामगारांच्या युनियनमधली सवय. "खूण कुणाला करतो तो? तेल लावून घेतलेल्यांना?"

"नाही..." चेतना अडखळली. "नगरात जे वाईट चाललंय ते बघून जे हळहळतात, रडतात, त्यांना."

"अस्सं." पप्पांनी कपाळ पुसलं. गटारात गुदमरून मेलेल्या कामगारांच्या घरोघरी जाऊन आलेला हा माणूस. घरी आला की ताट सरकवायचा, आणि 'जगाचं कशाला डोक्यावर घेता' म्हणून चेतनाच करवादायची.

"आणि मारायला सुरुवात कुठून करा म्हणतो तुझा देव?"

तिला ठाऊक होतं. पाळकांनी ती ओळ घाईघाईनं वाचली होती. "माझ्याच पवित्रस्थानापासून, म्हणतो. म्हणजे त्याच्या घरातल्यांपासूनच."

पप्पा हसले नाहीत. "मला देव नाही, मी सुटलो. तुझं कसं गं, पोरी?"

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. चेतना सोबत चालू लागली. भीती तीच होती, पण आता पप्पांसाठी नाही. आपण परक्या माणसासाठी शेवटचं कधी रडलो, ते ती आठवत होती. एकही नाव आठवेना.

ऑपरेशनच्या दाराशी तिनं त्यांचा हात घट्ट धरला. "पप्पा, माझ्यासाठी प्रार्थना करा ना," ती सवयीनं बोलून गेली.

पप्पांना प्रार्थना येत नव्हती. तिच्याकडे बघता बघता त्यांचे डोळे भरून आले.